लघवी निसटते म्हणून कीगल सुरू केलंत? आधी योग्य स्नायू सापडलाय का ते तपासा

शिंकताना, खोकताना, बाळाला उचलताना लघवी निसटते. मग मैत्रीण, जाऊ किंवा मोबाइलवरचा एखादा व्हिडिओ सांगतो, ‘लघवी रोखतो तसं आवळायचं, दिवसाला शंभर वेळा.’ यालाच कीगल व्यायाम म्हणतात. बाई इमानेइतबारे आवळते. दोन महिन्यांनी फरक पडत नाही आणि व्यायाम सुटतो. पुढे ‘बाळंतपणानंतर असं व्हायचंच’ म्हणून पॅड लावून दिवस काढले जातात.

व्यायामात दोष नाही, तो करण्याच्या क्रमात आहे. स्नायू सापडण्याआधीच आकडे मोजायला सुरुवात होते. बऱ्याच जणी नितंब आणि मांड्या आवळतात. काही जणी वर ओढण्याऐवजी खाली जोर देतात, त्याने गळती वाढते. आणि आवळल्यानंतर पूर्ण सैल सोडायचं असतं, हे तर क्वचितच कुणी सांगतं. म्हणून खालचे टप्पे क्रमानेच करा. आधीच्या टप्प्याची तपासणी जमल्याशिवाय पुढच्याला हात लावू नका.

ज्या स्नायूंबद्दल बोलतोय ते पुढे जांघेच्या मधल्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत झोळीसारखे ताणलेले असतात. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय त्यांच्यावर टेकलेले असतात. लघवीची जागा, योनीमार्ग आणि शौचाची जागा ही तिन्ही द्वारं त्यांच्यातूनच जातात. यांनाच पेल्विक फ्लोअर म्हणतात. गरोदरपणात नऊ महिने यांच्यावर वजन वाढत जातं, त्यामुळे ‘माझं सिझर झालंय, मला गरज नाही’ हा समज खरा नाही. सिझरमध्ये खालचे टाके आणि बाळ बाहेर पडतानाचा ताण टळतो, नऊ महिन्यांचं ओझं टळत नाही.

## सुरुवातीआधी: कोणी थांबायचं, कोणी विचारायचं

गरोदरपणात रक्त जात असेल, वार खाली असल्याचं सोनोग्राफीत सांगितलं असेल, गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला असेल किंवा वेळेआधी कळा येऊन गेल्या असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

लघवीला जळजळ होत असेल, कळ लागत असेल, लघवी गढूळ किंवा उग्र वासाची असेल, ताप असेल, तर आधी लघवीची तपासणी. गरोदरपणात मूत्रमार्गाचा संसर्ग सहज होतो. त्यानेही घाई होते, थेंब निसटतात. तिथे व्यायाम नव्हे, औषध लागतं. अंगावर काढलेला संसर्ग किडनीपर्यंत जाऊ शकतो.

तिसरा गट सहसा विसरला जातो. लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, धार तुटक येते, संबंधाच्या वेळी दुखतं, खाली कायम ओढ जाणवते, असं असेल तर तुमचे स्नायू आधीच आवळलेले असू शकतात. त्यांना आणखी आवळायला लावलं तर त्रास वाढतो. अशा बाईने फक्त टप्पा २ मधला श्वासाचा भाग करायचा, आवळायचं नाही, आणि फिजिओथेरपिस्टना दाखवायचं.

इशारा: शेवटच्या महिन्यांत अचानक पाण्यासारखं जायला लागलं, आवळूनही थांबत नाही, लघवीचा वास नाही, पॅड पुन्हा पुन्हा भिजतंय, तर ती लघवी धरून चालू नका. पाणमोट फुटलेली असू शकते. पॅड पिशवीत घालून सोबत घ्या आणि थेट रुग्णालयात जा.

## तयारी: तीन दिवसांची नोंद

वही, घड्याळ आणि मापाच्या खुणा असलेला अर्धा ते एक लिटरचा प्लॅस्टिकचा मग एवढंच लागतं. मग फक्त याच कामासाठी ठेवा. सलग तीन दिवस नोंद करा. नोकरी असेल तर त्यात एक सुट्टीचा दिवस घ्या, कारण घरात आणि ऑफिसात सवयी वेगळ्या असतात. नोंद अशी दिसेल:

सकाळी ७.१०, ३५० मिली, घाई नाही.
८.००, चहा एक कप.
९.२०, ९० मिली, निघण्याआधी ‘जाऊन येऊ’ म्हणून.
११.४५, शिंक, उभी होते, चड्डी ओलसर.
१.१५, २२० मिली, दार उघडेपर्यंत घाई, थोडी निसटली.

एवढ्यावरून बरंच कळतं. शिंक, खोकला, हसणं, वजन उचलणं यांबरोबर निसटत असेल तर ती दाबाची गळती. तिला टप्पा १ ते ५ लागतात. अचानक जोराची भावना होऊन पोहोचेपर्यंत निसटत असेल तर ती घाईची गळती. तिला टप्पा ६ ही लागतो. वरच्या नोंदीत दोन्ही आहेत आणि असं मिश्रण नेहमीचं आहे.

मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण ३०० ते ५०० मिली लघवी आरामात मावते. गरोदर नसताना दर वेळी ८०-१०० मिलीच होत असेल तर मूत्राशयाला लवकर रिकामं व्हायची सवय लागलेली असू शकते. शेवटच्या तीन महिन्यांत बाळाचं डोकं दाबत असल्याने थोडी थोडी लघवी होणं स्वाभाविक आहे, त्याची चिंता नको. मात्र दिवसभराची बेरीज तीन लिटरच्या वर जात असेल तर डॉक्टरांना सांगा आणि साखरेच्या तपासणीबद्दल विचारा.

## टप्पा १: स्नायू शोधा

याला दोन दिवस लागोत की आठवडा, घाई करू नका. पुढचं सगळं यावर उभं आहे.

कुशीवर झोपा. गुडघे वाकवा, दोन्ही गुडघ्यांत उशी ठेवा. गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यानंतर पाठीवर सपाट झोपून व्यायाम नको. वाढलेल्या गर्भाशयाचा मोठ्या रक्तवाहिनीवर दाब येऊन गरगरू शकतं. आधी लघवी करून या.

1. तोंड, जबडा, खांदे सैल सोडा. नेहमीसारखा श्वास घ्या.
2. श्वास सोडताना, चार माणसांत बसलोय आणि वायू सरकू द्यायचा नाही, असं समजून शौचाची जागा आतून आवळा. नितंब आवळायचे नाहीत.
3. तेच आवळणं पुढे लघवीच्या जागेपर्यंत न्या.
4. आता दोन्ही मिळून आत आणि वर ओढा. बाहेरून कुणाला काही दिसता कामा नये.
5. दोन सेकंद धरा, सोडा.

मागून सुरुवात करायला सांगतोय त्याला कारण आहे. फक्त ‘लघवी रोखा’ म्हटलं की पुष्कळ जणी पुढचाच भाग हलकासा आवळतात किंवा पोट आत घेतात. मागून पुढे गेलं की सगळे स्नायू कामाला लागतात.

तपासा: एक हात नितंबावर ठेवा, तो टणक होता कामा नये. मग पोटावर ठेवा. बेंबीच्या खाली अगदी हलकं ओढल्यासारखं वाटलं तर चालेल, बेंबीच्या वरचं पोट आत गेलं किंवा फुगलं तर चूक. आवळून धरलेलं असताना ‘एक, दोन, तीन’ मोठ्याने म्हणा. आवाज अडकला तर श्वास रोखला जातोय.

सगळ्यात महत्त्वाची तपासणी हाताने होते. चड्डीवरूनच योनीमार्ग आणि शौचाची जागा यांच्या मधल्या भागावर दोन बोटं टेकवा आणि आवळा. तो भाग बोटांपासून दूर, आत गेला तर बरोबर. बोटांवर खाली ढकलला गेला तर तुम्ही कुंथताय. अशा वेळी लगेच थांबा, जोर निम्मा करा आणि पुन्हा पाहा. चार-पाच दिवस प्रयत्न करूनही ढकललंच जात असेल तर घरी पुढे जाऊ नका, फिजिओना दाखवा. चुकीच्या दिशेने केलेली शंभर आवर्तनं रोज तेच स्नायू खाली रेटतात.

नेहमीची चूक: लघवी करताना मध्येच धार रोखून सराव करणं. स्नायू सापडला का हे पाहायला सुद्धा ही पद्धत नको. वारंवार केलं तर मूत्राशय नीट रिकामं होत नाही, उरलेल्या लघवीत संसर्ग वाढतो. संडासात हा व्यायाम करायचाच नाही.

## टप्पा २: सोडायला शिका

सतत आवळलेला स्नायू थकतो, आणि ऐन शिंकेच्या वेळी त्याच्यात आवळायला काही उरत नाही. शिवाय बाळ बाहेर येताना याच स्नायूंना ताणून मोकळं व्हायचं असतं. फक्त आवळण्याचाच सराव झालेली बाई कळ देतानाही नकळत आवळू शकते.

कुशीवरच राहा. एक हात बरगड्यांच्या खालच्या कडेवर ठेवा. नाकाने सावकाश श्वास घ्या. बरगड्या बाजूला फाकतात, पोट सैलावतं आणि खालचा भाग किंचित खाली उतरतो. जोर लावून उतरवायचा नाही, फक्त उतरू द्यायचा. श्वास सोडताना तो आपोआप वर येतो. असे पाच श्वास. नंतर एकदा आवळा, सोडा आणि पूर्ण सैल झाल्याचं जाणवेपर्यंत थांबा.

तपासा: सोडल्यावर ‘सुटलं’ असं स्पष्ट कळलं पाहिजे. कळत नसेल तर दोनपैकी एक गोष्ट आहे. एकतर धरताना मध्येच ते कधीच निसटलंय, किंवा ते सुटलेलंच नाही. दोन्हींवर उपाय एकच, धरायचा वेळ कमी करा.

चौतिसाव्या-पस्तिसाव्या आठवड्यापासून दिवसातल्या तीन सत्रांपैकी एक सत्र फक्त या श्वासाला द्या.

## टप्पा ३: स्वतःचा आकडा ठरवा

‘दहा सेकंद, दहा वेळा’ हे शेवटी गाठायचं ठिकाण आहे. पहिल्याच दिवशी ते धरलं की नितंब मदतीला येतात आणि टप्पा १ वाया जातो.

एकदा आवळा आणि सेकंद मोजा. पकड ढिली पडायला लागली, मांडी ताठली किंवा श्वास अडला, तिथे मोजणं थांबवा. समजा चार सेकंद झाले. आता चार सेकंद धरा, आठ सेकंद सोडा, पुन्हा धरा. कितव्या वेळेला पकड पहिल्यासारखी राहत नाही ते पाहा. समजा सहाव्या वेळेला. मग तुमचा आकडा चार सेकंद आणि पाच वेळा. तिथून सुरुवात.

लांब पकड: तुमच्या आकड्याप्रमाणे. सुरुवातीला धरण्याच्या दुप्पट वेळ विश्रांती, जमायला लागलं की तेवढाच वेळ.

झटपट पकड: लांब पकड संपली की अर्धा मिनिट थांबून. एका सेकंदात पूर्ण आवळा, लगेच पूर्ण सोडा. पाचपासून सुरुवात, दहापर्यंत. शिंकेच्या वेळी हीच कामाला येते, म्हणून ती गाळू नका.

हे दिवसातून तीन वेळा. प्रत्येक सत्रात किमान आठ आवर्तनं हे पहिलं लक्ष्य ठेवा. दर आठवड्याला एकच गोष्ट वाढवा, एकतर एक सेकंद किंवा एक-दोन आवर्तनं. दोन्ही एकदम नाहीत. दहा सेकंद, दहा वेळा आणि दहा झटपट एवढं गाठलं की बस. त्यालाही एका सत्रात चार-पाच मिनिटंच लागतात. शंभर-दोनशे करण्यात फायदा नाही, थकलेल्या स्नायूने केलेली आवर्तनं चुकीची होतात.

फरक किती दिवसांत पडतो? दाबाच्या गळतीसाठी रोज तीन वेळा, सलग तीन महिने केल्याशिवाय उपयोग झाला की नाही हे ठरवू नका. मधले चार दिवस बुडाले तर दुप्पट करून भरपाई करू नका, आधीच्या आठवड्याच्या आकड्यावर परत या.

## टप्पा ४: आडवं, मग बसून, मग उभं

झोपून आठ आवर्तनं नीट जमली की कडक खुर्चीवर बसा. पाय जमिनीवर टेकलेले, कंबर ताठ. सोफा नको, खालचा भाग टेकला की काय हलतंय ते कळतं आणि सोफ्यात ते हरवतं. दोन आठवड्यांनी उभ्याने सुरू करा, पाय खांद्यांएवढे लांब. उभं राहिल्यावर सगळं वजन वरून येतं, त्यामुळे सेकंद कमी होतील. झोपून आठ जमत असतील तर उभ्याने चारच जमतील. ही घसरण नव्हे, उभ्याचा आकडा वेगळा लिहा.

लोकलमध्ये किंवा फोनवर बोलता बोलता व्यायाम करायचा सल्ला सगळे देतात. तो टप्पा ४ पूर्ण झाल्यावरच पाळा. सुरुवातीला लक्ष दुसरीकडे असेल तर नितंबच आवळले जातात.

## टप्पा ५: आधी आवळा, मग खोका

तीन महिने व्यायाम करूनही शिंकताना निसटतं अशी तक्रार असते, तेव्हा बहुतेक वेळा हा टप्पा राहिलेला असतो. स्नायू सुधारलेला असतो, पण वेळेवर आवळला जात नाही.

उभं राहा. आवळा. आवळून ठेवूनच एक हलका खोकला द्या. खोकला संपल्यावर सोडा. असं पाच वेळा, रोज. आठवड्याने खोकल्याचा जोर वाढवा. खोकताना पकड सुटली तर जोर पुन्हा कमी.

आता घरात पाहा. मिरचीची फोडणी टाकली की ठसका लागणार हे आधीच माहीत असतं. तेव्हा क्रम असा: कढईत मिरची टाकण्याआधी आवळा, टाका, ठसका येऊन जाऊ द्या, मग सोडा. पाळण्यातून बाळ उचलतानाही तेच. एक पाय पुढे, गुडघ्यात वाका, बाळ छातीशी आणा, आवळा, श्वास सोडत उठा. श्वास रोखून उचललं की पोटातला सगळा दाब खाली जातो. ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतून रिक्षाने जाताना अख्खा रस्ताभर आवळून बसू नका, दमाल. धक्का येताना दिसला की झटपट एकदा, बास. स्टेशनचा जिना चढताना हातात जड पिशवी असेल तर चढायला सुरुवात करण्याआधी.

वीस लिटरची पाण्याची बाटली डिस्पेन्सरवर चढवणं, भरलेली बादली, गॅस सिलिंडर, ही कामं बाळंतपणानंतर पहिले तीन महिने दुसऱ्या कुणीतरी करायची. यात संकोच नको.

## टप्पा ६: घाईची लघवी

दिवसभर सगळं ठीक असतं. सोसायटीच्या गेटातून आत आलं की भावना सुरू होते, लिफ्टची वाट पाहताना वाढते, चौदाव्या मजल्यावर कुलपात चावी घालताना निसटते. मूत्राशयाला घराच्या दाराची सवय झालेली असते. धावत सुटलं की ही सवय आणखी पक्की होते.

1. भावना आली की जागीच थांबा. जमलं तर बसा.
2. पाच-सहा झटपट पकडी करा.
3. दोन-तीन सावकाश श्वास घ्या, पायाची बोटं, जबडा सैल.
4. भावना अर्ध्या-एक मिनिटात ओसरते. ओसरल्यावर चालत जा. भावना शिगेला असताना निघू नका.

यासोबत वेळेचा सराव. नोंदवहीतून दोन लघव्यांमधलं नेहमीचं अंतर काढा. समजा सव्वा तास आहे. मग आठवडाभर दीड तास. जमलं की आणखी पंधरा मिनिटं. असं करत तीन तासांच्या आसपास. किमान सहा आठवडे लागतात.

इशारा: हा अंतर वाढवण्याचा सराव बाळंतपणानंतरच, टाके भरल्यावर. गरोदरपणात लघवी तासन्‌तास धरून ठेवायची नाही, संसर्गाचा धोका असतो. तोपर्यंत फक्त वरचे चार मुद्दे करा आणि ‘निघतोच आहोत तर जाऊन येऊ’ ही फेरी कमी करा. लांबच्या प्रवासाआधी एकदा जाणं ठीक, दर वेळी जिन्याकडे निघताना नको.

बाहेरच्या स्वच्छतागृहात कमोडवर न टेकता अधांतरी बसायची सवय फार जणींना आहे. जागा अस्वच्छ असते, हे खरंच आहे. पण मांड्या ताणलेल्या असताना खालचे स्नायू सुटत नाहीत आणि लघवी मागे राहते. पिशवीत कागदी सीट कव्हर ठेवा आणि पूर्ण टेकून बसा. भारतीय पद्धतीचं असेल आणि गुडघे साथ देत असतील तर उत्तमच. झाल्यावर कुंथून शेवटचे थेंब काढू नका. किंचित पुढे झुका, दहा सेकंद थांबा, आपसूक येईल ते येऊ द्या.

पाणी कमी करणं हा सगळ्यात चुकीचा उपाय. आपल्याकडच्या उकाड्यात पाणी कमी केलं की लघवी दाट होते, मूत्राशयाला झोंबते, घाई वाढते. वर बद्धकोष्ठ होतं. लघवीचा रंग फिकट पिवळा राहील एवढं पाणी घोटाघोटाने दिवसभर प्या, एकदम अर्धा लिटर नको. झोपण्याआधीचे दोन तास कमी घ्या. चहा-कॉफीने घाई वाढते का ते नोंदवहीत पाहा. गरोदरपणात दिवसाला २०० मिलीग्रॅमपेक्षा जास्त कॅफीन घेऊ नये असं सांगतात, म्हणजे चहाच्या चौथ्या-पाचव्या कपावर, आणि कॉफीच्या तर त्याही आधी, तसाही विचार करायला हवा.

आणि कुंथणं. रोज सकाळी कुंथणारीला या व्यायामाचा पूर्ण फायदा मिळत नाही. लोहाच्या गोळ्यांनी शौचाला खडा होतो. गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांकडून बदलून किंवा वेळ बदलून घ्या. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मुगाची उसळ, भिजवलेले मनुके आणि पुरेसं पाणी हे आधी. कमोड असेल तर पायांखाली वीतभर उंचीचं स्टूल घ्या, गुडघे कंबरेपेक्षा वर, कोपर मांड्यांवर, तोंड किंचित उघडं. टाके असतील तर स्वच्छ पॅडची घडी टाक्यांवर हलकेच दाबून धरा.

## टप्पा ७: बाळंतपणानंतर केव्हा काय

पहिले सहा तास. लघवीची नळी असेपर्यंत व्यायाम नाही. बाळंतपणानंतर किंवा नळी काढल्यानंतर सहा तासांत लघवी झाली पाहिजे. झाली नाही, अगदी थोडी झाली किंवा भावनाच येत नाही, तर नर्सना सांगा, सकाळच्या राउंडची वाट पाहू नका. मूत्राशय प्रमाणाबाहेर ताणलं गेलं तर त्याची ताकद दीर्घकाळ मंदावू शकते. या एका गोष्टीसाठी सोबतच्या नातेवाइकाने घड्याळ पाहत राहावं.

पहिले दोन आठवडे. लघवी नीट झाल्यावर, पडल्या पडल्या हलक्या तीन-चार पकडी, दिवसातून तीन वेळा. ताकद निम्मीच. काही जाणवत नाही म्हणून घाबरू नका, सूज आणि ताणामुळे संवेदना काही दिवस बोथट असते. हलक्या हालचालीने टाके तुटत नाहीत, उलट रक्तपुरवठा सुधारून सूज उतरायला मदत होते. दुखलं तर मात्र थांबा. फाटणं शौचाच्या जागेपर्यंत गेलं असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हाच सुरुवात.

सव्वा महिन्यापर्यंत. टप्पा १ पासून नव्याने. गरोदरपणीचा आकडा विसरा. दिवसभरात दूध पाजणं आठ-दहा वेळा होतं. त्यातल्या तीन वेळा निवडा आणि बाळाचं पिऊन झाल्यावर आवर्तनं करा. वेगळं घड्याळ लावायची गरज राहत नाही. माहेरी मालीशवाल्या बाई येत असतील तर पोटावर जोराने दाबू देऊ नका, सिझरच्या बाबतीत तर मुळीच नाही. पोटाला पट्टा बांधायचा असेल तर बांधल्यावर खोकून पाहा. खाली दाब जाणवला तर तो जास्त घट्ट आहे. घट्ट पट्ट्याचा सगळा रेटा याच स्नायूंवर येतो.

सहा आठवड्यांची तपासणी. इथे बाळाच्या लसीबद्दल बोलणं होतं आणि लघवीचा विषय राहून जातो. स्वतःहून सांगा, या शब्दांत: ‘खोकताना लघवी निसटते, आठवड्यातून इतक्या वेळा. माझे स्नायू बरोबर आवळले जातात का ते तपासून द्या.’ नोंदवही दाखवा.

सहा ते बारा आठवडे. उभ्याने, मग टप्पा ५. चालणं वाढवा, तलावपाळीला एक फेरी, मग दोन. पोटाचे क्रंचेस, दोरीवरच्या उड्या, झुंबा, धावणं हे बाराव्या आठवड्याआधी नको. नंतरही चालताना जडपणा जाणवत असेल किंवा निसटत असेल तर नको.

गळती थांबली म्हणून व्यायाम बंद केला की ती परत येऊ शकते. थांबल्यावर दिवसातून एक सत्र चालू ठेवा.

## लगेच दवाखान्यात जायची लक्षणं

- लघवी अडली आहे, पोट फुगून दुखतंय.
- मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा बसायच्या जागेवर बधिरपणा, पायात अचानक कमजोरी, लघवी-शौचावरचा ताबा एकाएकी गेला.
- थंडी वाजून ताप, कंबरेच्या वरच्या भागात दुखणं, लघवीत रक्त.
- बाळंतपणानंतर तासाभरात पॅड पूर्ण भिजतंय.
- कठीण प्रसूतीनंतर लघवी दिवसरात्र सतत झिरपतेय.

वायू किंवा शौच रोखता येत नसेल, किंवा खाली गोळा आल्यासारखं, अंग बाहेर आल्यासारखं वाटत असेल, तर तितकी धावपळ नको, पण याच आठवड्यात दाखवा. तातडीसाठी १०८ आहे.

## ठाणे-नवी मुंबईत कुठे दाखवायचं

आधी तुमचं बाळंतपण केलेल्या डॉक्टरांकडेच, आणि तिथून ‘पेल्विक फ्लोअर फिजिओथेरपी’साठी चिठ्ठी मागा. साध्या कंबरदुखीच्या फिजिओकडे पाठवलं तर फोनवर आधी विचारा, ‘बाळंतपणानंतरच्या लघवीच्या तक्रारींसाठी तपासणी करता का?’ नाही म्हणाले तर फेरी वाचते. सरकारी रुग्णालयांत दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, लघवीची तक्रार तिथेही मांडता येते. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात स्त्रीरोग विभाग आहे. नेरुळला डी. वाय. पाटील आणि कामोठ्याला एमजीएम इथे फिजिओथेरपीची महाविद्यालयं आहेत, तिथे चौकशी करा.

जाताना तीन दिवसांची नोंद, प्रसूतीचं डिस्चार्ज कार्ड आणि लघवीचा ताजा रिपोर्ट न्या. तपासणी आतून, हातमोजा घालून, तुमची परवानगी घेऊनच होते. नको वाटलं तर तसं सांगता येतं, बाहेरून किंवा सोनोग्राफीनेही स्नायूंची हालचाल पाहता येते. पाळी चालू असेल तरी भेट रद्द करू नका, आतली तपासणी तेवढी पुढे ढकलतात.